एकसष्ट बागा आणि वरचं एक रोप

१,७६,६३,१९,०४९. वाचायचं तर एकशे शहात्तर कोटी, त्रेसष्ट लाख, एकोणीस हजार, एकोणपन्नास. दहा अंकी संख्या. एखाद्या बऱ्यापैकी नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात टाकली तर कुणाच्या नजरेतही भरणार नाही. गणितात मात्र ती पावणेनऊशे वर्षं टिकून आहे, आणि तिचा खानदेशाशी संबंध आहे.

एखाद्या मोठ्या संख्येचे गुणधर्म शोधायला गेलं की सहसा एक यादी हाती येते. अंकांची बेरीज इतकी, सम की विषम, मूळ की संयुक्त, विभाजक किती. ही माहिती खरी असते, पण निर्जीव असते, कारण ती कुठल्याही संख्येची देता येते. ही संख्या निवडली ती वेगळ्या कारणासाठी. तिची यादी करायला बसलं की प्रत्येक गुणधर्मामागे ‘का?’ विचारता येतं, आणि उत्तरही सापडतं. कारण ती मुळात एका प्रश्नाचं उत्तर आहे.

प्रश्न आपल्याकडच्या भाषेत मांडतो. रावेर-यावलकडची केळीची बाग घ्या. बाग चौरस, म्हणजे जितक्या ओळी तितकीच प्रत्येक ओळीत रोपं. अशा अगदी सारख्या ६० बागा आहेत. सगळी रोपं उपटून एकत्र केली, वर एक जादा रोप आणलं, आणि या सगळ्यांची मिळून एकच मोठी चौरस बाग लावायची. एकही रोप उरता कामा नये, एकही कमी पडता कामा नये. प्रत्येक लहान बागेत किती ओळी हव्यात?

६० बागांसाठी उत्तर सोपं आहे. प्रत्येकीत ४ ओळी, म्हणजे १६ रोपं. ६० × १६ = ९६०, वरचं एक धरून ९६१, आणि ९६१ म्हणजे ३१ × ३१. जमलं. ६२ बागा असतील तर प्रत्येकीत ८ ओळी घ्या. ६२ × ६४ = ३,९६८, एक मिळवला की ३,९६९, म्हणजे ६३ × ६३. हेही जमलं. ६३ बागांना तर एकेकच रोप पुरतं: ६३ + १ = ६४, आठ आठे चौसष्ट.

आता ६१ बागा घ्या. शून्य ओळींची बाग सोडली, तर सर्वांत लहान उत्तर असं येतं: प्रत्येक लहान बागेत २२,६१,५३,९८० ओळी, आणि मोठ्या बागेत १,७६,६३,१९,०४९ ओळी. यापेक्षा लहान उत्तर नाहीच. इथे आमच्याकडचा कुणीही विचारेल, “इतला मोठा आकडा कसाले?” प्रश्न अगदी रास्त आहे. ६० ला चार, ६२ ला आठ आणि मधल्या ६१ ला एकदम साडेबावीस कोटींच्या वर! पुढचं सगळं या ‘कसाले’भोवतीच आहे.

आधी आकाराचा अंदाज घेऊ. एक ओळ, दोन ओळी, तीन ओळी असं करत एकेक उत्तर तपासत गेलात, सेकंदाला एक या वेगाने, ना झोप ना जेवण, तर खऱ्या उत्तरापर्यंत पोचायला सात वर्षांहून जास्त लागतील. आणि तोवर दर सेकंदाला ‘नाही’च ऐकावं लागेल. पाच बाय पाच फुटांवर केळी लावली, तर त्या मोठ्या बागेला पृथ्वीच्या सगळ्या पृष्ठभागाच्या, म्हणजे समुद्र धरून, चौदा हजारपट जागा लागेल. पाण्याचं विचारूच नका.

एक गंमत घरी करून बघता येते. एक्सेलमध्ये एका घरात पहिल्या संख्येचा वर्ग काढा, दुसऱ्या घरात दुसरीचा वर्ग गुणिले ६१, आणि तिसऱ्यात दोन्हींची वजाबाकी. उत्तर १ यायला हवं, पण शून्य येतं. कारण वर्ग ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१ असा एकोणीस अंकी आहे, आणि एक्सेल साधारण पंधरा अंकांपर्यंतच नेमकं राहतं; पुढचं सगळं ते गोल करून टाकतं. ज्या एका रोपासाठी हा खटाटोप चालला आहे, नेमकं तेच गोल करण्यात हरवतं. म्हणजे हे उत्तर पडताळायला संगणकापेक्षा वही बरी. ती कशी, ते पुढे येतंच.

हे उत्तर काढलं कुणी? भास्कराचार्यांनी. त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला. ‘लीलावती’ सगळ्यांना ऐकून तरी ठाऊक असते. त्याच मोठ्या कामातल्या ‘बीजगणित’ या भागात हा प्रश्न आहे. एकाच श्लोकात त्यांनी ६१ आणि ६७ अशा दोन्ही संख्या दिल्या आहेत, आणि वर वाचणाऱ्याला डिवचलं आहे: वर्गप्रकृती (म्हणजे या जातीचे प्रश्न) तुझ्या मनात वेलीसारखी पसरली असेल, तर सांग बघू.

भास्कराचार्य आपलं गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड असं सांगतात. ते आजचं नेमकं कोणतं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. चाळीसगावच्या माणसाला विचाराल तर तो पाटण सोडून दुसरं नाव घेणार नाही, आणि त्याच्याकडे निदान एक दगडी पुरावा आहे. चाळीसगावच्या दक्षिणेला, गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या डोंगरात पाटणादेवीचं ठाणं आहे. तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला. शके ११२८ च्या त्या लेखात भास्कराचार्यांची वंशावळ आहे. मुलगा लक्ष्मीधर, त्याचा मुलगा चांगदेव, आणि हा चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी. या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ स्थापन केला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. (तापी-पूर्णेच्या संगमावरच्या चांगदेव गावाशी या चांगदेवाची गल्लत करू नका, ते योगी चांगदेवांच्या नावाचं.) लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या पेठेत येणाऱ्या मालावरचा राजाचा वाटा मठाला द्यावा आणि तेलाच्या घाण्यामागे पळी पळी तेल द्यावं, असा त्याचा आशय. बीजगणित शिकवायला घाण्याचं तेल! शिक्षणावरच्या खर्चाची इतकी सरळ तरतूद अलीकडे वाचण्यात नाही.

आता पद्धत. जुनी नावंच वापरतो, कारण ती सुटसुटीत आहेत. ६१ ही प्रकृती. लहान बागेच्या ओळी म्हणजे कनिष्ठ. मोठ्या बागेच्या ओळी म्हणजे ज्येष्ठ. वर मिळवायचं रोप म्हणजे क्षेप. थोडक्यात: ज्येष्ठाचा वर्ग = ६१ × कनिष्ठाचा वर्ग + क्षेप. आपल्याला क्षेप १ हवा आहे.

युक्ती अशी की क्षेप १ च हवा म्हणून सुरुवातीलाच अडून बसायचं नाही. आधी कुठलाही सोपा क्षेप चालवून घ्यायचा आणि मग तो सुधारत न्यायचा. कनिष्ठ १ घेऊ. ६१ च्या जवळचा वर्ग ६४, म्हणून ज्येष्ठ ८, आणि क्षेप ३. (६४ = ६१ + ३.) एक नको, तीन रोपं लागली. असू द्या.

आता एक मदतीची संख्या शोधायची. तिला दोन अटी आहेत. तिला कनिष्ठाने गुणून ज्येष्ठ मिळवला की बेरजेला क्षेपाने भाग गेला पाहिजे, आणि तिचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ हवा. आपल्याकडे कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. म्हणजे जिच्यात ८ मिळवल्यावर ३ ने भाग जाईल अशी संख्या: १, ४, ७, १०. यांचे वर्ग १, १६, ४९, १००. ६१ ला सर्वांत जवळचा ४९. म्हणून ७ घेतला. नवा कनिष्ठ (७ + ८) ÷ ३ = ५. नवा ज्येष्ठ (८ × ७ + ६१ × १) ÷ ३ = ११७ ÷ ३ = ३९. नवा क्षेप (४९ − ६१) ÷ ३ = −४. पडताळून बघा: ३९ चा वर्ग १,५२१, आणि ६१ × २५ = १,५२५. बरोबर चारने कमी.

हेच पुन्हा पुन्हा करत राहिलं की शेवटी क्षेप १ येतोच. या पद्धतीचं नाव चक्रवाल. ती मुळात भास्कराचार्यांची नव्हे. १०७३ च्या सुमारास उदयदिवाकराने आपल्या टीकेत जयदेव नावाच्या आधीच्या गणितीचे श्लोक दिले आहेत, त्यांत ती आहे. पण ६१ सारख्या आडमुठ्या संख्येवर ती चालवून दाखवली भास्कराचार्यांनी.

इथे मात्र चक्र पूर्ण फिरवायची गरज नाही. क्षेप −४ वर आला की त्याहूनही जुनी एक वाट आहे, ब्रह्मगुप्ताची, इ. स. ६२८ ची. तिला भावना म्हणतात. दोन उत्तरं हाताशी असली की त्यांच्यापासून तिसरं बनवता येतं. दोन्ही ज्येष्ठांचा गुणाकार, अधिक ६१ गुणिले दोन्ही कनिष्ठांचा गुणाकार, हा नवा ज्येष्ठ. तिरका गुणाकार (एकाचा ज्येष्ठ गुणिले दुसऱ्याचा कनिष्ठ) करून केलेली बेरीज, हा नवा कनिष्ठ. आणि दोन्ही क्षेपांचा गुणाकार, हा नवा क्षेप.

३९, ५, −४ हे उत्तर स्वतःशीच गुंफलं तर ज्येष्ठ १,५२१ + १,५२५ = ३,०४६, कनिष्ठ ३९०, क्षेप १६. सगळं दोनाने भागता येतं (क्षेप चाराने): १,५२३, १९५ आणि ४. आता यात पुन्हा ३९, ५, −४ गुंफा. ज्येष्ठ ५९,३९७ + ५९,४७५ = १,१८,८७२. कनिष्ठ ७,६०५ + ७,६१५ = १५,२२०. क्षेप −१६. ज्येष्ठ आणि कनिष्ठ चाराने भागले, क्षेप सोळाने, की २९,७१८, ३,८०५ आणि −१.

इथे थोडं थांबण्यासारखं आहे. २९,७१८ चा वर्ग ८८,३१,५९,५२४. आणि ६१ × ३,८०५² = ८८,३१,५९,५२५. किती जवळ आलो बघा, पण चुकीच्या बाजूने! एक रोप मिळवायचं होतं, इथे एक काढावं लागतं. पण −१ गुणिले −१ म्हणजे १. म्हणून हेच उत्तर स्वतःशी गुंफलं की ज्येष्ठ ८८,३१,५९,५२४ + ८८,३१,५९,५२५, म्हणजे १,७६,६३,१९,०४९. कनिष्ठ २ × २९,७१८ × ३,८०५ = २२,६१,५३,९८०. क्षेप १. संपलं. एकूण चार-पाच पायऱ्या, आणि मधली एकही आकडेमोड पाटीवर मावणार नाही अशी नाही.

‘कसाले’चं अर्धं उत्तर इथेच मिळालं. ६१ ची गाडी १ च्या आधी −१ च्या स्थानकावर थांबते, आणि −१ वरून १ वर जायला वर्ग करावा लागतो. वर्ग केला की अंक दुप्पट होतात. पाच अंकी ज्येष्ठाचा दहा अंकी झाला तो असा. ६० ला हा वळसा शक्यच नाही, कारण कुठल्याही वर्गात १ मिळवून ३ ने निःशेष भाग जात नाही, आणि ६० च्या पटीला तर तो जायलाच हवा.

आता एक्सेलला न जमलेला पडताळा. आपल्या संख्येच्या दोन्ही शेजारणींकडे बघा. एकाने लहान: १,७६,६३,१९,०४८. ही बरोबर २ × २९,७१८² आहे. एकाने मोठी: १,७६,६३,१९,०५०. ही १२२ × ३,८०५² आहे, म्हणजे २ × ६१ × ३,८०५². शाळेतलं सूत्र आठवा: एखाद्या संख्येच्या वर्गातून १ वजा केला की एक लहान गुणिले एक मोठी. म्हणजे आपल्या संख्येचा वर्ग वजा १ हा या दोन शेजारणींचा गुणाकार:

२ × २९,७१८² × २ × ६१ × ३,८०५² = ६१ × (२ × २९,७१८ × ३,८०५)²

आणि कंसातली संख्या म्हणजेच कनिष्ठ, २२,६१,५३,९८०. एकोणीस अंकी एकही गुणाकार न करता सिद्ध झालं. मला या सगळ्या प्रकरणात हा भाग सर्वांत देखणा वाटतो. संख्या एवढी मोठी, पण तिच्या एका हाताला एका वर्गाची दुप्पट आणि दुसऱ्या हाताला एका वर्गाची १२२ पट. सहज उचललेल्या दहा अंकी संख्येच्या शेजारी असे वर्ग उभे असायची शक्यता जवळजवळ नाहीच.

आता अवयव. आधी संख्या मूळ आहे का ते बघू. शेवटचा अंक ९, म्हणून २ आणि ५ गेले. अंकांची बेरीज ४६, म्हणून ३ गेला. ११ ची कसोटी लावू, म्हणजे उजवीकडून एकाआड एक अधिक-उणे: ९ − ४ + ० − ९ + १ − ३ + ६ − ६ + ७ − १. उत्तर शून्य. म्हणजे ११ ने भाग जातो, आणि संख्या मूळ नाही.

पुढचे अवयव एकेक मूळ संख्या घेऊन शोधत बसलात तर बराच वेळ जाईल. पण आपण वाटेत १,५२३ ला भेटलो होतो ना? तीच इथे कामाला येते. १,५२३, १९५, ४ हे उत्तर दोनाने भागून (क्षेप चाराने) १ च्या क्षेपावर आणलं तर अपूर्णांक येतात, पण तेच स्वतःशी तीनदा गुंफलं की थेट आपली संख्या येते. आणि त्या गुंफणीतून निघतं: आपली संख्या = १,५२३ × (१,५२३² − ३) ÷ २. १,५२३ चा वर्ग २३,१९,५२९, तीन वजा केले २३,१९,५२६, निम्मे ११,५९,७६३. याला ११ ने भागलं की १,०५,४३३, त्याला ५९ ने भागलं की १,७८७. आणि १,५२३ व १,७८७ या दोन्ही मूळ. म्हणून:

१,७६,६३,१९,०४९ = ११ × ५९ × १,५२३ × १,७८७

चार वेगवेगळे मूळ अवयव, म्हणून एकूण विभाजक १६. हे चौघे असेच योगायोगाने आलेले नाहीत. प्रत्येकाला ८ ने भागून बघा, बाकी ३ उरते, चौघांनाही. ७, २३ किंवा ३१ सारख्या, ८ ने भागल्यावर ७ उरणाऱ्या मूळ संख्येला या संख्येत प्रवेशच नाही. ५ उरणाऱ्या १३ किंवा २९ लाही नाही. कारण पुन्हा ती डावीकडची शेजारीण. आपली संख्या १ + २ × २९,७१८² या रूपाची आहे, म्हणजे एक वर्ग अधिक दुसऱ्या वर्गाची दुप्पट. अशा संख्येत दोन्ही वर्गांच्या मुळांना सामाईक अवयव नसेल, तर तिचा प्रत्येक विषम मूळ अवयवही त्याच रूपाचा असतो, असा एक जुना सिद्धांत आहे. पडताळून घ्या: ११ = ३² + २ × १². ५९ = ३² + २ × ५². १,७८७ = २७² + २ × २३². आणि १,५२३ = ३९² + २ × १². तोच ३९, जो चक्राच्या पहिल्याच फेरीत आला होता.

कनिष्ठाचं अगदी उलट आहे. २२,६१,५३,९८० = २² × ३² × ५ × १३ × १२७ × ७६१. विभाजक १४४. ज्येष्ठाकडे मोजके चार अवयव, कनिष्ठाकडे लहानसहान कितीतरी, आणि दोघांत एकही सामाईक नाही. सामाईक असता तर त्याने त्या एकट्या रोपालाही भाग गेला असता, आणि १ ला १ शिवाय कशानेच भाग जात नाही.

आणखी एक गुणधर्म कामाचा आहे. मोठ्या बागेच्या ओळी भागिले लहान बागेच्या ओळी हे ६१ च्या वर्गमूळाच्या जवळपास असणारच, कारण फरक फक्त एका रोपाचा. किती जवळ? दशांश चिन्हानंतर १७ स्थळांपर्यंत जुळतं: ७.८१०२४९६७५९०६६५४३९… आणि इथून पुढची उत्तरंही याच जोडीतून निघतात. पुढचा ज्येष्ठ म्हणजे या संख्येच्या वर्गाची दुप्पट वजा १, पुन्हा एकोणीस अंकी. असे अनंत. दुसरं कुठलंही उत्तर मधे कुठे दडलेलं नाही.

युरोपात हा प्रश्न पोचायला सव्वापाचशे नाही तरी पाचशे वर्षं गेली, आणि तीही स्वतंत्रपणे. फ्रान्समधल्या फर्माने १६५७ मध्ये समकालीन गणितींना या जातीचं आव्हान दिलं, आणि उदाहरणादाखल निवडलेल्या संख्या होत्या ६१ आणि १०९. त्याला पाटण ठाऊक नव्हतं, भास्कराचार्यांचं ‘बीजगणित’ ठाऊक नव्हतं. पण कुठली संख्या समोरच्याला घाम फोडेल हे त्यालाही बरोबर कळलं होतं. इंग्लंडमध्ये ब्राउंकरने पद्धत शोधली. पुढे ऑयलरने चुकून तिचं श्रेय पेल नावाच्या गणितीला दिलं, आणि समीकरणाला आजही ‘पेलचं समीकरण’च म्हणतात. पेल बिचाऱ्याचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. प्रकृती पूर्ण वर्ग नसेल तर उत्तर नेहमीच असतं, याची पक्की सिद्धता १७६८ च्या सुमारास लाग्रांजने दिली. पुढे हांकेल या जर्मन गणितीने चक्रवालाबद्दल लिहिलं की संख्यांच्या सिद्धांतात लाग्रांजच्या आधी इतकं उत्तम काही झालंच नव्हतं.

राहिलं ‘कसाले’चं दुसरं अर्ध. ६० पर्यंतच्या सगळ्या प्रकृती तपासल्या तर सर्वांत मोठा ज्येष्ठ ५३ ला लागतो, तो ६६,२४९. पाच अंकी. मग ६१ ला एकदम दहा अंकी उडी. त्यानंतर १०० पर्यंत कुणीही त्याच्या जवळपास नाही. १०९ ला पंधरा अंकी: १५,८०,७०,६७,१९,८६,२४९. या उड्यांचा आधी अंदाज सांगेल असं सोपं सूत्र नाही. एवढं सांगता येतं की वर्गमूळ पुन्हा पुन्हा उलटून अपूर्णांकांच्या साखळीत मांडलं, तर त्या साखळीत ठरावीक आकडे आवर्तनाने येतात. ६० आणि ६२ ला हे आवर्तन चार आकड्यांचं, ६१ ला अकरा. साधारणपणे आवर्तन लांब तेवढं उत्तर मोठं. अकरा ही विषम संख्या, म्हणूनच ते −१ चं स्थानकही वाटेत येतं. पण ६१ चं आवर्तन अकराचंच का? तिथे गणित आजही ‘करून बघा’ यापलीकडे फार काही सांगत नाही.

त्याच श्लोकातली दुसरी संख्या ६७. ती इतकी आडमुठी नाही, घरी करून बघता येईल. कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप −३ पासून सुरुवात. मदतीची संख्या ७ घ्या: कनिष्ठ ५, ज्येष्ठ ४१, क्षेप ६. मग ५ घ्या: ११, ९०, −७. मग ९ घ्या: २७, २२१, −२. इथे २२१ चा वर्ग ४८,८४१, आणि ६७ × २७² = ४८,८४३; फरक दोनाचा. आता भावना करा, म्हणजे दोघांची बेरीज करून निम्मी घ्या. ज्येष्ठ ४८,८४२, कनिष्ठ २७ × २२१ = ५,९६७, आणि वर एक रोप.